बुधवारची व्हिजिट

डॉ. एवर्ट मॉसप बुधवारी गेले, आणि बुधवार हा त्यांचा कामाचा वार नव्हता. पुढचं सगळं त्यातूनच झालं, म्हणून तेच आधी सांगते.

आमचा दवाखाना हॅलबेकच्या खोऱ्यात, इंग्लंडातल्या कंब्रियाच्या पश्चिम अंगाला. मॉसप तिथे बावीस वर्षं भागीदार होते. मग कंटाळले, रोग्यांना नाही, कागदांना. भागीदारी सोडली आणि सोमवार, मंगळवार, गुरुवार असे बदली डॉक्टर म्हणून येऊ लागले. खोली तीच, खुर्ची तीच, फक्त दारावरची पाटी उतरवली. मी नोरीन फिअरन, दवाखान्याचा कारभार बघते. कुठला डॉक्टर कुठल्या दिवशी, कुणाच्या घरी कोण जाणार, हे सगळं माझ्या हातातलं.

नोकरीत असताना डॉक्टर गेला तर घरच्यांना एक मोठी रक्कम मिळते आणि बायकोला बऱ्यापैकी पेन्शन. बदली डॉक्टरचं मात्र वेगळं. ज्या दिवशी त्याला कामावर बोलावलेलं असेल तेवढाच दिवस तो नोकरीत. मधल्या वारी गेला तर कागदोपत्री तो नोकरी सोडलेला माणूस, आणि घरच्यांच्या वाट्याला फार थोडं येतं. मॉसपना हे पक्कं ठाऊक होतं. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले होते, "नोरीन, मला मरताना कॅलेंडर बघावं लागणार." आम्ही दोघंही हसलो होतो.

तो फेब्रुवारी तापाचा होता. दोन डॉक्टर स्वतःच अंथरुणाला खिळलेले. आमच्या मुख्य डॉक्टर इस्मे लोथर यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच मला बजावलं होतं की त्यांना विचारल्याशिवाय एकही जादा बदली डॉक्टर बोलवायचा नाही. त्या बुधवारी पावणेनऊला ॲगी टायसनचा फोन आला. वय चौऱ्याऐंशी, गिल नावाच्या ओढ्याकाठच्या चढावर शेवटच्या घरात एकटी राहणारी. छातीत पाखरू फडफडतंय म्हणाली. दवाखान्यात एकच डॉक्टर, बाहेर चाळीस माणसं. लोथर तालुक्याला बैठकीला गेलेल्या. मी मॉसपना घरी फोन लावला.

ते कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करत होते. "हिला आजच फडफडायचं होतं का," असं म्हणाले, पण जातो म्हणाले. नोंद मागाहून करते, पैसे उद्याच्या दिवसात धरते, असं मी सांगितलं. "कर गं सावकाश," म्हणाले आणि फोन ठेवला.

दहा वाजून दहा मिनिटांनी एका मेंढपाळाला त्यांची गाडी चढावरच्या दुसऱ्या फाटकापाशी दगडी कुंपणाला टेकलेली दिसली. इंजिन चालू, तोंड वरच्या बाजूला. रुग्णवाहिकेची माणसं म्हणाली, हृदय बंद पडलं, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल. ॲगीचं घर तिथून पुढे आणखी एक मैल.

मी नोंद केली नाही. त्या दिवशी हात चालले नाहीत. नंतर वाटलं, आता केली तर मेलेल्या माणसाच्या नावावर मागाहून केलेली खोटी नोंद दिसेल. आणि खरं सांगायचं तर लोथर काय म्हणतील याचीही भीती होती. आठवड्याने पेन्शन कार्यालयाचा फॉर्म आला. मृत्यूच्या दिवशी डॉक्टरांना कामावर बोलावलं होतं का, अशी ओळ आणि पुढे दोन चौकटी. लोथरनी माझ्याच हातचा डॉक्टरांच्या वारांचा तक्ता पाहिला आणि 'नाही' लिही म्हणाल्या. मी लिहिलं.

त्यानंतर मला ॲगीची आठवण झाली. त्या दिवशी तिच्याकडे कुणीच पोचलं नव्हतं, आणि पुढे तिने फोनही केला नव्हता. शुक्रवारी दुपारी मी स्वतः गाडी घेऊन वर गेले. ती चुलीपाशी बसून विणत होती, चांगली टुणटुणीत.

मी माफी मागायला लागले तर तिने मला मधेच थांबवलं.

"कसली माफी, पोरी? डॉक्टर आले होते की."

"कधी?"

"त्याच दिवशी. बुधवारी. तिथे बसले होते." तिने खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "मला म्हणाले, घाबरू नका, गोळी अर्धी करा, थांबेल ते. थांबलं."

मला वाटलं, म्हातारीचा वार चुकतोय, किंवा गेल्या महिन्यातली भेट तिच्या डोक्यात राहिली असेल. तिला बातमी कळली होती की नाही तेही मला माहीत नव्हतं. मी हळूच विचारलं, ते गेले हे माहीत आहे ना.

"ऐकलं. संध्याकाळी शेजारच्या मॅजने सांगितलं. मी म्हटलं, सकाळी तर ठीक होते. हात तेवढे बर्फासारखे. मी म्हटलं, डॉक्टर, हातमोजे घाला. तर म्हणाले, आता नाही व्हायचे गरम."

ती विसरते म्हणून मॉसप दर भेटीला तिचं प्रेशर एका निळ्या वहीत लिहून ठेवत. मी ती वही मागितली. शेवटची नोंद बुधवारची होती, वेळ १०.४०, प्रेशर १४८ खाली ८२, आणि पुढे 'गोळी अर्धी'. तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. बावीस वर्षं मी ते अक्षर उलगडून टाईप केलं होतं. त्यात फसायला मला जागाच नव्हती.

दहा-चाळीसला ते रुग्णवाहिकेत चादरीखाली होते.

मी खाली कशी आले ते आठवत नाही. दुसऱ्या फाटकापाशी मी डावीकडे पाहिलं नाही, एवढं आठवतं. पुढचे काही दिवस भरदुपारी, दवाखाना माणसांनी गच्च भरलेला असताना, मला त्यांच्या खोलीवरून जाता येईना. आत कुणी दिसायचं नाही, काही ऐकू यायचं नाही. पण मी सांगितलेलं काम त्या माणसाने मरूनही पुरं केलं होतं, आणि बोलावलंच नव्हतं असं मी लिहून दिलं होतं. त्या दारासमोर मान वर करायची माझी हिंमत नव्हती.

सोमवारी लोथरना सगळं सांगितलं. वहीही पुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मिटली.

"माझ्या भीतीने गप्प बसलीस?"

"हो."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "फोन कंपनीकडची त्या फोनची नोंद पाठवू. तू बोलावलंस, ते निघाले, तेवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. वही ॲगीला परत दे. ही पाठवली तर आपल्यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही." पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. जादा डॉक्टर न बोलावण्याचा हुकूम आपला होता, हेही त्यात घातलं.

मग मी मॉसपांच्या बायकोकडे, हेस्टरकडे गेले. आधी तिच्याकडेच जायला हवं होतं. तिने मला उंबऱ्यातच ऐकून घेतलं. "म्हणजे तू पाठवलंस त्यांना," एवढंच म्हणाली आणि दार लावलं. पुढे आठ महिने ती रस्त्यात दिसली की पलीकडून जायची. मला त्याचा राग आला नाही.

पेन्शन कार्यालयाने आधी नकार दिला. फोन म्हणजे नेमणूक नव्हे, असं कळवलं. लोथरनी अपील केलं. मी शपथेवर लिहून दिलं की काम मी सांगितलं, मोबदला कबूल केला आणि नोंद माझ्याकडून राहिली. नोव्हेंबरात उत्तर आलं: डॉ. मॉसप नोकरीत असताना मृत्यू पावले असं धरण्यात येत आहे. माझ्या नावावर एक लेखी ताकीद लागली. ती योग्यच होती.

त्या आठवड्यात हेस्टर दवाखान्यात आली. पत्र मिळालं म्हणाली. आभार मानले नाहीत, बसलीही नाही.

"गावात काहीतरी बोलतात. ॲगीबद्दल. तू तिच्याकडे गेली होतीस ना?"

मी मान हलवली.

"मला घेऊन चल."

मी तिला गाडीत घेऊन वर गेले. ॲगी त्या वर्षात बरीच खंगली होती, पण हेस्टरला तिने लगेच ओळखलं. हेस्टरने वही मागितली नाही. तिने विचारलं ते कुठे बसले होते, आणि तिथे जाऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"त्यांना दुखत होतं का?"

"नाही गं," ॲगी म्हणाली. "अजिबात नाही. गाडी बाहेर चालू ठेवून एक पाय दारात, अशी त्यांची सवय, तुला माहीत आहे. त्या दिवशी नीट बसले. मला म्हणाले, सांगा सगळं, मला वेळ आहे."

हेस्टर खुर्चीत बसली. बाहेर अंधारून यायला लागलं होतं आणि चढावरचा रस्ता ओला होता, पण निघू या असं म्हणायचं धाडस मला झालं नाही. मी चुलीवर पाणी ठेवलं आणि ती उठेपर्यंत दाराकडे पाठ करून तिथेच उभी राहिले.