आधी रिकामी पारडी बघा

मी एक जुना तराजू आहे. पितळी दांडी, दोन पारडी, मधे काटा. डोंबिवलीच्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या कपाटावर पडून आहे. मित्रांनो, गोड गोष्टीची वाट पाहत असाल तर आत्ताच उठा.

मला कारखान्याने घडवलं, पण शहाणं केलं मंदाकिनीबाईंनी. माझं डावं पारडं उगीचच खाली झुकतं. बाईंनी मला बदललं नाही. उजव्या पारड्याच्या तळाला कागदाचा कपटा चिकटवला आणि प्रत्येक वर्गाला एकच सवय लावली. काही तोलण्याआधी रिकामी पारडी बघायची. काटा मधे नसेल तर चूक तराजूची, वस्तूची नाही. वीस वर्षं मुलांनी माझ्यात खडू, चिंचोके, शर्टाची तुटलेली बटणं तोलली. मला लंगडा म्हणायची. चालायचं.

मग चाचणी आली. राज्यभर एकच दिवस, एकच पेपर, पेनाने गोल काळे करायचे. शाळेची सरासरी फाटकावर लागणार. प्रयोगाचे तास सरावात गेले, बाई निवृत्त झाल्या, माझ्या खोलीत सरावपेपरांचे गठ्ठे आले. माझं चित्र मात्र सरावपेपरात छापलं गेलं.

प्र. ७. डाव्या पारड्यात ५० ग्रॅम. काटा मधे. उजव्या पारड्यात किती?
(अ) २५ (ब) ५० (क) ७५ (ड) १००

आठवीतल्या रुचिताने सरावात या प्रश्नाचा एकही गोल काळा केला नाही. शेजारी पेन्सिलने लिहिलं, ‘रिकामी पारडी आधी बघितलेली का?’ असे अकरा प्रश्न तिने सोडले, प्रत्येकापुढे आपला प्रश्न लिहून. यंत्र फक्त गोल वाचतं. रुचिता कच्च्यांच्या यादीत गेली.

मुख्याध्यापक प्रफुल्ल सरांनी तिच्या आईला, स्वप्नाताईंना, इथेच गठ्ठ्यांमधे बसवलं. मुलगी किती गुणी आहे ते सांगितलं. मग म्हणाले, "ताई, सोमवारी खरी चाचणी आहे, तिला घरीच ठेवा. बरं नाही म्हणून चिठ्ठी द्या. सरासरी खाली येते हो."

"नणंदेच्या लग्नाला एक दिवस मागितलेला, तेव्हा हजेरी बुडते म्हणालेलात. आता काय सर, ताप आणू तिला?"

सर हसले. स्वप्नाताई हसल्या नाहीत.

यादीतले बाकीचे नऊ जण सोमवारी घरी राहिले. रुचिता गणवेश घालून आली. पेपर कमी पडले असं सांगून सरांनी तिला माझ्या खोलीत बसवलं. चाचणीचे उरलेले पेपर माझ्या शेजारीच होते.

 तिने मला खाली काढलं, रुमालाने पुसलं. कपटा केव्हाच गळून पडलेला. तिने वहीचा कोपरा फाडून नवा लावला. काटा मधे आला. पारड्यांत तिने काहीच ठेवलं नाही.

प्र. ८. चाचणीच्या वेळी रुचिता कुठे होती?
(अ) आजारी (ब) गावी (क) गैरहजर (ड) यांपैकी नाही

हजेरीपटात (क) आहे. ती माझ्यासमोर होती.

फाटकावर आता मोठा फलक आहे. सरासरी ८१. मला भंगारात काढायचं ठरलं आहे. कारण लिहिलंय, ‘अचूक नाही’.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणणार नाही. द्या भंगारात. पण त्या फलकासमोर टाळ्या वाजवायच्या आधी आठवीच्या वर्गात जा, आणि त्या सोमवारी रिकामी राहिलेली दहा बाकं मोजा.