केरूनं सांगितलेला सिनेमा

“उन दोनों को एक कमरे में मत बिठाना, भाभी,” शेजारच्या जोहरानं बजावलं होतं. नंदानं ते हसण्यावारी नेलं. “पिक्चरच तो है!”

ते दोघे म्हणजे केरू आणि बाळाराम. निपाणीपलीकडच्या कोनवाडीचे, सौदीतल्या खमीस मुशैतच्या एकाच कॅम्पातले सुतार. बाळारामचा थोरला भाऊ गावचा सरपंच. केरूचा बाप त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि मतदानाच्या आधी केरूचं घर पेटलं.

नंदाचा नवरा उमाकांत तिथल्या इस्पितळात डॉक्टर. घरात नवा व्हीसीआर आला, म्हणून त्यानं शुक्रवारी दुपारी कॅम्पातल्या मंडळींना बोलावलं. कॅसेट निघाली कानडी, गावच्या निवडणुकीची. बाकीच्यांना भाषा कळेना, म्हणून केरू अर्थ सांगायला बसला. मांडीवर नंदाची दोन वर्षांची अबोली.

पडद्यावर सरपंच बायकांना देवळात उभं करत होता.

“हा म्हणतोय, लुगडं घेतलंस, आता देवाचा भंडारा उचलून शपथ घे. मत मलाच.”

“नाही उचलला तर?” कुणीतरी विचारलं.

“बाळारामच्या दादाला विचारा की! काडेपेटी त्याच्याच खिशात असती.”

सगळे खो खो हसले. बाळाराम सोडून.

“तुझा बा भंडारा उचलून फिरला, केऱ्या. दादाला शब्द देऊन सोताच उभा राहिला.”

“म्हणून जाळायचं व्हय रं? माझी म्हातारी आत होती!”

कलिंगडाच्या ताटात सुरी होती. नंदाला ती दिसली, तशी बाळारामलाही. नंदा पोरीकडे धावली, तोवर सुरी उचललेली होती.

केरूनं अबोलीला पोटाशी घेतलं आणि पाठ फिरवली. पहिला वार खांद्यात बसला, दुसरा बरगडीखाली. पोरीचा फ्रॉक लालभडक झाला. नंदानं किंचाळतच तो फाडून काढला. आतलं अंग कोरं होतं. रक्त सगळं केरूचं. तोवर चौघांनी बाळारामला भिंतीवर आपटलं होतं. त्याचे दात फरशीवर पडले, तरी तो केरूच्या बापाला शिव्या घालत होता.

उमाकांतनं केरूला वाचवलं. बाळाराम तुरुंगात गेला. केरूचा उजवा हात वर जाईना, तेव्हा कफीलनं, म्हणजे तिथल्या मालकानं, “खलास” म्हणून त्याला परत धाडला. थेट कोनवाडीला. सरपंचाच्या दारात.

तेव्हापासून नंदाच्या एकाही पत्राला उत्तर नाही. आणि पंचायतीची निवडणूक पुन्हा लागलीय म्हणतात.

तुमच्यापैकी कुणी निपाणीकडे जाणार असेल, तर नंदाचं एवढं ऐका. कोनवाडीत उतरा. सरपंचाला काही विचारू नका. उजवा खांदा उतरलेला केरू सुतार डोळ्यांनी दिसतो का, तेवढं बघून या.