तळवलीच्या निवट्या

प्रबंध बुधवारी द्यायचा होता आणि स्नेहलच्या निवट्या काही केल्या घटायला तयार नव्हत्या.

चिखलात उड्या मारणाऱ्या या मासळीने घटावं, असं आधीच ठरलं होतं. जयप्रकाश सरांच्या विभागात रीतच तशी. निष्कर्ष आधी टाइप करून घ्यायचा, निरीक्षणं मागाहून, बी.एस्सी.च्या पोरांची धावपळ वाचते. म्हणून ‘खाडी बिघडल्याने निवट्या घटत आहेत’ हे पान बेलापुरातून टाइप करून आणल्यावर स्नेहलने तळवलीच्या खाडीकाठी चार काठ्या रोवल्या, दोरी बांधून चौकट केली आणि आतल्या निवट्या मोजायला बसली. दिवाळीपर्यंत निवट्या शहाण्यासारख्या घटल्या. मग बिथरल्या. आलेख वर चढला.

सर म्हणाले, पुन्हा मोज. पुन्हा मोजलं तर आणखी वाढलेल्या. स्नेहल जेवता जेवता उठून आलेख बघून येई. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. सरांनी सुचवलं, रेघ जरा खाली वळव, तुझ्याशिवाय तिथे मोजायला कोण जातंय? ते तिला पटेना, आणि दुसरं काही सुचेना.

एरवी ती तळवलीत राहणाऱ्या आत्याला निरोप धाडून मोजायला जायची. या खेपेला तशीच गेली. बघते तर सुमित्राआत्या कंबरेला पदर खोचून, घमेल्यातल्या निवट्या तिच्याच चौकटीत सोडतेय.

“आत्या, हे काय?”

“तूच बोललीस ना, निवट्या कमी झाल्या म्हनून? तोंड एवढंसं झालेलं तुजं. परीक्षा हाय ना?”

“अगं, कमीच व्हायला हव्या होत्या.”

आत्याने तिला नीट न्याहाळलं. “कमी झाल्या तर पास करतात? कसलं कॉलेज हाय तुजं?”

निवट्या पलीकडच्या काठाहून आणल्या होत्या. इथे दिवाळीपासून एकही उरली नव्हती, हे आत्याने सहज सांगितलं.

स्नेहलने ते जसंच्या तसं लिहिलं. सरांनी लाल पेनाने वाक्य खोडलं.

“विज्ञानात आत्या येत नाही.”

“येते सर. घमेलं घेऊन येते.”

सर हसले नाहीत. “पण घटल्या, हे तर खरं ना? मग जुनं पान राहू दे.”

“घटल्या नाहीत सर. संपल्या. पान बदलावं लागेल.”

त्या विभागात निष्कर्ष आजवर कुणी बदलला नव्हता. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. स्नेहल उभीच होती. प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती.