बाभळीला लागलेले चष्मे

अंबडच्या रस्त्यालगत, मोसंबीच्या एका बागेच्या बांधावर बाभूळ आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिला चष्मे लागले. काळ्या काड्यांचे, सोनेरी काड्यांचे, दोऱ्याने बांधलेले. वारा आला की काचा किणकिणत, आणि उन्हाचे कवडसे खाली जमलेल्या माणसांच्या कपाळांवरून पळत. माणसं हात जोडत.

झाडाखाली टिकलीबाबा बसलेला. भाविकाचा चष्मा काढायचा, फांदीला अडकवायचा, हातात तांब्याची टिकली द्यायची. टिकलीच्या मधोमध टाचणीएवढं भोक.

"एक डोळा झाका, दुसऱ्याला टिकली लावा! या भोकातून साक्षात सूर्यनारायण तुमच्या डोळ्यात उतरून राह्यलाय. वाचा तो फलक!"

समोर, बागेच्या कुंपणाला आरतीचा फलक बांधला होता. म्हातारे साहेबराव आधी पुटपुटले, मग मोठ्यानं वाचू लागले. गर्दीच्या अंगावर काटा आला. लगेच बाबाच्या चेल्यानं त्यांचं डोकं मागं ओढलं आणि डोळ्यांत 'अमृतरस' पिळला. साहेबराव कळवळले.

"मळ निघून राह्यला," बाबा म्हणाला. "जितकी आग, तितका गुण!"

रांगेत उभ्या तृप्तीनं आईचा हात घट्ट धरला. ती बियाणं कंपनीत कामाला. दिवसभर कपाशीच्या प्लॉटमध्ये फुलं तपासायची, घामानं चष्मा नाकावरून घसरायचा. चष्म्याचा नंबर घालवायला सोमवारी तिच्या डोळ्यांचं लेझर ठरलं होतं. पण आईनं, उषाबाईंनी, हट्टच धरला होता: आधी बाबा, मग डॉक्टर. स्वतःचा चष्मा तर त्यांनी आल्या आल्या बाभळीला वाहिला होता.

"चांगल्या डोळ्याला यंत्र लावतेत, पोरी! जीव थरथर करतो माझा. काय करतेत तरी तिथं?"

"थेंब टाकून डोळा बधिर करतेत. पापणी मिटू नये म्हणून चाप लावतेत. आपण फक्त दिव्याकडं बघायचं. जरा वेळ अंधारून येतं, करपल्यावानी वास येतो. घरी आल्यावर डोळे जळतेत, पाणी येतं. काही दिवस धूसर दिसतं, डोळे कोरडे पडतेत, दिव्याभोवती कडी दिसतेत. चोळायचं मात्र बिलकुल न्हाई."

"अन् बिघडलं तर?"

"क्वचित बिघडतं बी. डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून तर आधी बुबुळावरच्या पडद्याची जाडी मोजली. पातळ असता तर न्हाईच म्हणले असते. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागंल, ते बी सांगितलं."

लेक तान्ही असताना गायच्या ती ओवी उषाबाईंच्या ओठांवर आली:

*लेकीच्या डोळ्याला गं, नको धुळीचा वारा*
*पदरानं झाकिते मी, माझ्या अंगणीचा तारा*

तेवढ्यात तृप्तीचा नंबर लागला. चष्मा गेला, जग विरघळलं. तिनं टिकली डोळ्याला लावली. फलकावरचं अक्षर न् अक्षर लख्ख दिसत होतं!

"दिसलं ना?" बाबा हसला. "आता रस."

चेल्याचा हात तिच्या कपाळावर आला. मान मागं गेली. ड्रॉपरचं टोक डोळ्यावर थरथरलं आणि कांद्याचा उग्र वास नाकात घुसला. त्याच क्षणी तिला दवाखाना आठवला. तपासताना डोळ्यापुढं धरलेली बारीक भोकांची काळी पट्टी. तेव्हाही अक्षरं अशीच उजळली होती.

तिनं चेल्याचं मनगट पकडलं. "थांब! माय, याला आवर. एक थेंब पडला अन् बुबुळाला इजा झाली, तर सोमवारी काहीच व्हायचं न्हाई."

"देवाच्या कामात आडवी येती व्हय?" मागून कुणी ओरडलं. गर्दी पुढं सरकली. "धरा तिला!"

"माय, तुझ्या बांगडीतली पिन दे. जल्दी."

उषाबाईंनी बाबाकडं पाहिलं, मग लेकीच्या उघड्या, भेदरलेल्या डोळ्यांकडं. आणि पिन काढून दिली.

तृप्तीनं मोसंबीचं जाड पान तोडलं, त्याला बारीक भोक पाडलं. "आता तू वाच."

उषाबाईंनी पान डोळ्याला लावलं. "अगं बया! ...अक्षर न् अक्षर दिसून राह्यलं की!"

"पानात बी देव हाय!" बाबा घाईनं म्हणाला.

"मंग तुझं काय काम हाय इथं?" लाल डोळे पुसत साहेबराव गरजले. हसण्याची एक लाट उठली आणि धरायला आलेले हात खाली गेले.

"टिकली खाली ठेवून वाचा बरं, आजोबा," तृप्ती म्हणाली. साहेबरावांना ओळसुद्धा दिसेना. "डोळा बदललाच न्हाई. नंबर असला की उजेडाची किरणं आत नीट जुळत न्हाईत, म्हणून चित्र पसरतं. बारीक भोक आजूबाजूची किरणं अडवतं, म्हणून रेखीव दिसतं. लांबची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो, त्यातलंच हे. भोक काढलं की चमत्कार संपला."

चेल्यानं मोटारसायकलला किक मारली आणि बाबा उडी मारून मागं बसला. कुणी त्याला अडवलंही नाही, कारण सगळ्यांना एकच घोर पडला होता: आपला चष्मा कुठला? मग अख्खी गर्दी मोसंबीची पानं डोळ्याला लावून बाभळीत चष्मे शोधू लागली.

त्या फांद्यांखाली उभं राहून एवढंच सांगावंसं वाटतं. टिकलीबाबानं कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता, एक धोका सांगितला नव्हता. डॉक्टरांनी आधी मोजलं, भीती लपवली नाही, नाही म्हणायचीही तयारी ठेवली. डोळा कुणाच्याही हाती देण्याआधी विचारा: कसं होतं, का होतं, बिघडलं तर काय? जो चिडेल, त्याच्यापासून दूर व्हा.

उषाबाईंना त्यांचा चष्मा सापडला. पदरानं पुसून त्यांनी तो घातला आणि लेकीचा चेहरा डोळाभर न्याहाळला.

"सोमवारी मी येते संगं," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरला मला बी चार प्रश्न विचारायचेत."