भिंत एक वीत पुढे

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. गाडीची नाही, टेपची नाही आणि शेजारच्या शेडमधल्या रंगाऱ्याची तर मुळीच नाही. पहिली दोन मिनिटं मी त्याच्यावर खापर फोडून बघितलं, ती गोष्ट वेगळी.

मी गाड्यांच्या बॉड्या बांधते. टेम्पोचे हौदे, ट्रॉल्या, टाक्यांचे सांगाडे, काय म्हणाल ते. बावीस वर्षं झाली. बाईमाणूस म्हणून कुणी नाक मुरडलं, की मी त्याच्या हातात ग्राइंडर देते आणि म्हणते, घ्या, तुम्हीच कापा. मग तो मुकाट्याने स्टुलावर बसतो. तोंडाने मी फटकळ आहे, आणि उंचीने पाच फुटांना दोन बोटं कमी.

माझा दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा आणि सव्वा फुटाने उंच. आईबाप एकच, शपथेवर सांगते. तो मला बुटके म्हणतो. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला वेल्डिंगचा चष्मा न देताच कामाला लावलं असतं.

दादा मधमाश्या पाळतो. बारा पेट्या. खालचा फुलोरा संपला की त्या डोंगरावर न्याव्या लागतात, नाहीतर माश्या उपाशी मरतात. न्यायला त्याच्याकडे एक जुनी छोटी जीप होती, फोर बाय फोर, दगडगोट्यांतून बकरीसारखी चढणारी. पण तिचं पत्र्याचं टप थेट मागेपर्यंत आणि मागे एक अरुंद दार. प्रत्येक पेटी उचलायची, वाकायचं आणि गुडघ्यावर रांगत आत ढकलायची. एका खेपेला सहा पेट्या. जाळी सुटली की चालवणाऱ्याच्या मानेवर माश्या. हे त्याने तीस वर्षं केलं आणि मग त्याच्या पाठीने हात टेकले.

ऑपरेशन झालं, तीन महिने अंथरुणात गेले. डॉक्टर म्हणाले, चालेल, फिरेल, गाडीही चालवेल, पण वाकून वजन उचलायचं नाही. आयुष्यात नाही. आठवडाभरात एका मोठ्या मधवाल्याचा निरोप आला, की पेट्या द्यायच्या असतील तर मी येऊन घेऊन जातो.

वहिनीने मला फोन केला. ‘ते हो म्हणणार आहेत गं,’ ती म्हणाली. ‘सकाळपासून भिंतीकडे बघत बसतात. पेट्या गेल्या ना, तर हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही.’

मी तशीच गेले. दादा खरंच खुर्चीत होता. दाढी वाढलेली, समोरचा चहा गार झालेला. मी तो चहा बाजूला सरकवला.

‘दादा, गाडी दे.’

‘कशाला?’

‘कापायला.’

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं. मी समजावून सांगितलं. पुढच्या दोन सीटांपुरती केबिन ठेवायची, तिच्या मागे पत्र्याची भिंत आणि भिंतीत काच. उरलेलं टप, मागच्या सीटा, ते नतद्रष्ट दार, सगळं उडवायचं. त्या जागी सपाट हौदा, तिन्ही बाजूंनी बिजागरीवर खाली पडणारे फाळके. हौद्याची उंची तुझ्या कंबरेइतकी. पेट्या ठेवायचा कट्टाही, खाली आणि डोंगरावर, तेवढाच उंच करू. मग पेटी उचलायचीच नाही, कट्ट्यावरून हौद्यात सरकवायची. वाकणं बंद.

‘अर्धी गाडी करणार म्हणजे तू.’

‘अर्धी केबिन. गाडी पुरीच राहील.’

त्याने खिशातून किल्ली काढून समोर ठेवली. मग म्हणाला, ‘वरचा फुलोरा तीन आठवड्यांत लागेल. तोवर गाडी झाली, तर नेतो पेट्या. नाही झाली तर त्या माणसाला देऊन टाकतो. पुन्हा मला समजावायला यायचं नाही.’

‘झाली समज,’ मी म्हणाले आणि किल्ली उचलली.

ती गाडी मीच चालवत शेडवर आणली. बसले, गिअर टाकला, निघाले. इथे जरा थांबते, कारण माझा बिनडोकपणा इथेच सुरू होतो. दादाच्या गाडीत माझे पाय कधी म्हणजे कधी पेडलपर्यंत पोहोचत नसत. सीट पुढे ओढल्याशिवाय मला ती चालवताच येत नसे. त्या दिवशी मात्र पाय बरोब्बर पोहोचले. मी सीटला हातही लावला नाही, आणि हे असं कसं, असा विचारही माझ्या मनात आला नाही. मनात फक्त कापाकापी होती.

पहिले तीन दिवस नुसतं उचकटणं. काचा काढल्या, मागच्या सीटा काढल्या, वायरी सोडवून गुंडाळून ठेवल्या. मग सीटच्या पाठीमागे चार बोटं जागा सोडून खडूने रेघ मारली आणि ग्राइंडर लावला. टप कापताना धास्ती वाटतेच, कितीही गाड्या कापल्या तरी. एकदा कापलं की कापलं. मागचा भाग सुटला, तेव्हा रंगारी धावत आला आणि आम्ही दोघांनी तो उचलून बाजूला ठेवला.

‘ताई, आंघोळ करताना दार उघडं पडावं तशी दिसतेय हो गाडी,’ तो म्हणाला.

‘तू आपले डबे सांभाळ.’

चेसिसवर चॅनल टाकले, त्यांच्यावर आडवे अँगल, वर जाड पत्रा. भिंत आधी वेल्डिंगच्या तुरळक टाक्यांवर उभी केली, ओळंबा धरला आणि मग पूर्ण वेल्डिंग. काच रबरात बसवली. छपराची कड दुमडून भिंतीवर आणली, की पाणी आत येऊ नये. आणि हौदा मोजला, तर काय सांगू! माझ्या हिशेबाने पेट्यांच्या तीन ओळी बसणार होत्या, एका ओळीत तीन. म्हणजे नऊ पेट्या, राहिलेल्या तीनसाठी दुसरी खेप. इथे बसत होत्या चार ओळी! बाराच्या बारा पेट्या एका खेपेत. जागा एक वीत जास्त निघाली होती. मी रंगाऱ्याला बोलावून दाखवलं, कट्ट्यासाठी फळ्या आणून देणाऱ्याला दाखवलं, हवा भरायला आलेल्या सायकलवाल्यालासुद्धा दाखवलं. ही जादा वीत आली कुठून, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही, मला तर नाहीच नाही.

अठराव्या दिवशी दादा आणि वहिनी आले. दादा काठी टेकत गाडीभोवती एक फेरी मारून आला. फाळका पाडला. मी कट्ट्यावर वाळू भरलेली पेटी ठेवून तयारच होते. त्याने तळवा लावला आणि ती पेटी सरळ उभ्याने हौद्यात सरकवली. पुन्हा ओढली. पुन्हा सरकवली. लहान मुलासारखा चारदा तेच केलं त्याने. डोळे भरून आले होते, लपवले नाहीत.

‘बुटके,’ तो म्हणाला, ‘जिंकलीस.’

मग तो चालवायला बसला. म्हणजे बसायला गेला. एक पाय आत घातला, गुडघा स्टिअरिंगला अडला. दुसरा पाय आत जाईना. त्याने सीटखालचा दांडा ओढून सीट मागे रेटली. ठक. भिंत. पुन्हा रेटली. ठक. मी कापलेल्या, बांधलेल्या, वेल्ड केलेल्या, रंगवलेल्या भिंतीला सीट चिकटून बसली होती.

रंगाऱ्याने आधी दादाचे गुडघे बघितले, मग माझी उंची बघितली आणि फिस्सकन हसला.

‘हसतोस काय रे मेल्या!’ मी त्याच्यावर उखडले. ‘तू शेजारी कशाला असतोस? तुझे डोळे फुटले होते?’ त्या बिचाऱ्याने फक्त रंग दिला होता. मग माझंच अवसान गळालं. रागाने रडू येतं ना, तसं भर शेडमध्ये रडले. भिंत मागे घ्यायची तर काच, छप्पर, वायरी, हौद्याचा पुढचा पत्रा, सगळं पुन्हा उघडायचं. आठवडा कमीत कमी. आणि वर फुलोरा लागलेला. त्या दिवशी सकाळीच डोंगरावरून येणाऱ्या दूधवाल्याने दादाला सांगितलं होतं.

दादा माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो अलगद बाहेर आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘राहू दे. काम चांगलं केलंयस. मी त्या माणसाला फोन करतो.’ आणि तो परत भिंतीकडे बघणारा दादा झाला. मला ते बघवेना.

‘फोन ठेवा खाली,’ वहिनी म्हणाली.

ती गाडीपाशी गेली, दार उघडलं आणि चढून बसली. सीट चार बोटं पुढे ओढली, पहिली होती तिथेच आली. पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर, पाठ टेकलेली. मापाने शिवल्यागत. वहिनी माझ्याहून जेमतेम दोन बोटं उंच.

‘अगं, तुला कुठे येते?’ दादा म्हणाला.

‘येते.’

‘लग्नानंतर एकदा बसली होतीस, पाण्याच्या टाकीला ठोकलीस, आणि…’

‘आणि तुम्ही इतके ओरडलात की शेजारी बाहेर आले. मग मी पुन्हा विचारलं नाही. पण तुम्ही तीन महिने अंथरुणात होतात, तेव्हा पेट्यांना साखरेचं पाणी द्यायला मी कशी जात होते?’

‘तो ट्रॅक्टरवाला सोडायचा ना तुला?’

‘ट्रॅक्टरवाला दोनदा आला. नंतर त्याला जमेना. मग मीच सीट पुढे ओढली आणि गेले. उजाडायच्या आत जायचं, तुम्ही उठायच्या आत परत यायचं. पहिल्या दिवशी कुंपण मोडलं. दुसऱ्या दिवशी नाही मोडलं.’

सीट आधीच पुढे का होती, हे माझ्या टाळक्यात तेव्हा लख्ख शिरलं. मी वहिनीच्या मापाने गाडी कापली होती. आणि तीन महिने त्या माश्या जिवंत राहिल्या त्या वहिनीच्या जिवावर, हे दादाला त्या क्षणी कळत होतं. त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतो.

‘मला का नाही सांगितलंस?’ तो अगदी हळू म्हणाला.

‘तुम्ही काळजी करत बसला असतात. आणि खरं सांगू? मजा येत होती.’

पुढचे तीन दिवस वहिनीने मैदानात गाडी फिरवली आणि मी बाजूला बसून तिला चढाचे गिअर शिकवले. तिला माझ्याहून लवकर समजत होतं, याचा मला थोडा रागही आला. दादासाठी बाजूची सीट काढून टाकली आणि भिंतीला चिकटून पातळ गादीचा बाक केला. तिकडे पेडल नाहीत, पाय लांब करता येतात. तरी तो घडी घातल्यासारखाच बसायचा, पण बसायचा. दर अर्ध्या तासाला उतरून पाय मोकळे करायचे, असं ठरलं.

संध्याकाळी पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या आणि पहाटे ते निघाले. बारा पेट्या, वर दोन पट्टे आवळलेले. दादा इतका गप्प होता की वहिनीने विचारलं, ‘देवाचं नाव घेताय का?’ तो म्हणाला, ‘तुझंच घेतोय.’

वर फोन लागत नाही. मी त्या दिवशी काम म्हणून काही केलं नाही. त्याच त्या चढावर गाडी मागे घसरतेय, असं मला दहादा दिसलं. रंगारी दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा बोलणी खाऊन गेला. दुपारी दूधवाला डोंगरावरून आला आणि म्हणाला, ‘पोचल्या की! बाई चालवत होत्या. शेवटच्या चढावर एकदा बंद पडली, पण त्यांनी पुन्हा काढली. दादा तर झाडाखाली बसून माश्या बघतायत.’ मी त्या दूधवाल्याला मिठी मारायचीच बाकी ठेवली.

सहाव्या दिवशी गाडी शेडवर आली. वहिनी चालवत होती, खिडकीतून कोपर बाहेर. मी भिंत मागे घ्यायचं सगळं सामान काढूनच ठेवलं होतं. दादा बाजूने उतरला, कमरेवर हात ठेवून सरळ झाला आणि म्हणाला, ‘माझ्या बाजूची भिंत एक वीत मागे घे. तिची राहू दे.’

‘म्हणजे? अर्धीच?’

‘अर्धीच.’

‘अरे, मध्ये पायरी येईल भिंतीला. एक पेटी कमी बसेल.’

‘बसू दे. ती मांडीवर घेईन.’

‘आणि तू चालवणार नाहीस? डॉक्टर तर हो म्हणालेत.’

दादाने वहिनीकडे बघितलं. ‘चालवणाऱ्याला रस्ता बघावा लागतो गं. तीस वर्षं मी त्या वाटेने नुसता रस्ता बघत गेलो. या वेळी पहिल्यांदा बाहेर बघितलं. तिसऱ्या वळणाच्या खाली अख्खा उतार पिवळा झालाय. दर वर्षी होत असणार, आणि मला पत्ता नाही! मधमाश्या पाळतो म्हणायचं आणि एवढा फुलोरा दिसत नाही.’

‘दर वळणाला थांब थांब म्हणून माझा जीव खाल्ला,’ वहिनी म्हणाली. ‘हे अकरा वेळा उतरले. मोजलंय मी.’

‘तर पुढच्या वर्षी चार पेट्या तिथे ठेवू,’ दादा म्हणाला. ‘आणि माश्या वाढल्या तर त्याच्या पुढच्या वर्षी सहा.’

पुढच्या वर्षी, म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणाला. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी वहिनीकडे बघितलं. मला इतका आनंद झाला, इतका झाला, की काय करावं तेच सुचेना, म्हणून मी रंगाऱ्यावर ओरडले.