शत्रूला ऊब देणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. गाण्याची नव्हे, दागिन्यांची तर मुळीच नव्हे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला इन्क्युबेटर म्हणतात. माझ्या पोटात अंडी उबवत नाहीत की नाजूक बाळं ठेवत नाहीत. माझ्या पोटात जंतू वाढवतात. ऐकून तोंड वाकडं करू नका. शत्रू कोण हे कळल्याशिवाय त्याच्याशी लढायचं कसं? रोग्याच्या जखमेतला पू एका छोट्या थाळीत पसरतात, ती थाळी माझ्याकडे येते आणि मी तिला माणसाच्या अंगाइतकी ऊब देते. दुसऱ्या दिवशी थाळीवर जंतू उगवलेले दिसतात. मग कोणतं औषध त्यांना मारतं, ते पाहता येतं.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. बाहेर लोखंडी दार, आत काचेचं दार. दाराला रबर बसवणाऱ्या बाईने त्यावरून चहूकडे बोट फिरवलं आणि म्हणाली, "हिच्यातून वारासुद्धा आत जायचा नाही." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. थाळीतल्या जंतूंवर औषधाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवत. सकाळी दार उघडलं की प्रत्येक चकतीभोवती स्वच्छ गोल दिसे. त्या गोलात एकही जंतू नसे. गोल जितका मोठा, तितकं औषध गुणकारी. डॉक्टर हसतमुखाने वॉर्डात जात.

मग ते गोल आकसू लागले. आधी एका औषधाचा, नंतर दुसऱ्याचा. एका सकाळी माझ्यातून एक थाळी निघाली, तिच्यात जंतू सगळ्या चकत्यांना खेटून वाढले होते. मोठ्या डॉक्टरांनी ती खिडकीपाशी धरली. फिरवून फिरवून पाहिली. शेवटी म्हणाले, "हा सगळ्यांना पुरून उरलाय."

त्यानंतर नवी, आकडे दाखवणारी पेटी आली आणि माझी रवानगी बोळात झाली. माझ्या डोक्यावर रिकामी खोकी चढली. कोणीतरी माझ्या कडीला ओला अॅप्रन वाळत घातला. बंद पडलेल्या यंत्राला थंडी वाजत नाही म्हणतात. मला वाजत होती.

मला तिथून सोडवलं ते तेलवाल्या बाईंनी. त्या जंतूंच्या डॉक्टर. लवंग, दालचिनी, ओवा यांच्या सुवासिक तेलांमधले घटक वेगळे करून ते या हट्टी जंतूंवर चालतात का, हे त्या तपासत होत्या. त्या जिन्यावर असतानाच वास वर पोचे आणि सहकारी म्हणत, "चला, फोडणी आली!" बाई हसून सोडून देत. नवी पेटी रोग्यांच्या कामाची, म्हणून प्रयोगासाठी त्यांच्या वाट्याला मी आले.

मला पुन्हा सुरू केलं ते रुग्णालयाच्या मिस्त्रींनी. पंखे, पंप, खाटांची चाकं, सगळं त्यांच्याच हातून जाई. माझी तार बदलून त्यांनी पाठीवर थाप मारली. "म्हातारे, अजून दम आहे तुझ्यात!" त्या दिवशी त्यांना सर्दी होती. खिशातून त्यांनी जंतूंवरच्या गोळ्यांचं अर्धवट पाकीट काढलं.

"कोणी दिल्या या?" बाईंनी विचारलं.

"मागच्या तापातल्या उरल्यात. बरं वाटलं म्हणून थांबवल्या. चांगल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या?"

"मिस्त्री, थांबवायच्याही नव्हत्या आणि आता सर्दीवर घ्यायच्याही नाहीत. अशाने जंतू शहाणे होतात, मग औषधाला जुमानत नाहीत."

मिस्त्री हसले. "आपण नाही झालो शहाणे, ते तरी होऊ देत."

पुढे काही महिन्यांनी पंप उतरवताना तो मिस्त्रींच्या पायावर आदळला. जखम खोल होती. ते आपल्याच रुग्णालयात भरती झाले आणि तिथेच वॉर्डातला तो हट्टी जंतू त्यांच्या जखमेत शिरला. त्यांच्या पायातल्या पुवाची एक थाळी नव्या पेटीत गेली, दुसरी बाईंनी प्रयोगासाठी माझ्यात ठेवली.

मित्रांनो, ज्या माणसाने मला जिवंत केलं, त्याचाच शत्रू माझ्या पोटात वाढत होता आणि मी त्याला ऊब देत होते. वाटलं, आपली तार आत्ताच जळून जावी. पण मी विझले असते तर जंतू मेला नसता, फक्त लपला असता. काळजावर दगड ठेवून मी ऊब देत राहिले.

सकाळी बाईंनी थाळी काढली. औषधाच्या चकत्यांभोवती काहीच नव्हतं. पण ओव्यातल्या घटकाच्या चकतीभोवती मोठा, लखलखीत गोल होता.

ही बातमी मिस्त्रींच्या लेकीला कुठून कळली कोण जाणे. ती धावतच प्रयोगशाळेत आली.

"मॅडम, तुमच्या तेलाने जंतू मरतो ना? मग बाबांना लावा की! ओवा तर आम्ही घरी खातो, त्याने काय होणार आहे?"

बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. "चिमूटभर ओवा वेगळा आणि हा घटक वेगळा. जंतू मरायला तो जितका लागतो, तितका माणसाच्या कातडीच्या पेशींवर घालून पाहिला. पेशीही मेल्या गं."

"पाय तसाही जाणारच आहे म्हणतात. मग लावून बघायला काय हरकत आहे?"

"आत्ता पायावर आलंय. हे लावलं तर कदाचित जिवावर येईल. थाळीत जंतू मेला म्हणजे माणूस बरा झाला असं नसतं."

मुलगी रागाने उठली. "मग हे सगळं करता तरी कशाला?" आणि दार आपटून गेली. बाईंनी माझं दार उघडून पुढची थाळी आत ठेवली.

मिस्त्रींचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. त्यांचा जीव वाचला.

बाईंनी काम सोडलं नाही. मिस्त्रींच्या पायातला जंतू त्यांनी जपून ठेवला होता, त्याच्यावरच त्या प्रयोग करत राहिल्या. पुष्कळ थाळ्या फुकट गेल्या. मग त्यांनी निराळी वाट धरली. ओव्यातला घटक अगदी थोडा घ्यायचा, पेशींना इजा होणार नाही इतकाच, आणि त्याच्या जोडीला निकामी ठरलेलं एक जुनं औषध. घटक जंतूच्या आवरणाला भोकं पाडी आणि औषध त्या भोकांतून आत शिरे. एका सकाळी थाळीत गोल दिसला. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या पेशीही जगल्या. बाई आनंदाने ओरडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि डोळे पुसले.

त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. लेक चाकाची खुर्ची ढकलत आली. ती बाईंकडे पाहत नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "दाखवा बघू, माझा पाय कोणी खाल्ला ते."

बाईंनी थाळी त्यांच्यासमोर धरली. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. "एवढासा? आणि आम्ही एवढाले धिप्पाड!" ते हसले, पण हसू लगेच विरलं. "मग आता औषध तयार झालं?"

"नाही. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तपासायचं. वर्षं जातील. कदाचित जमणारही नाही."

लेकीने मान वर केली. "तोवर बाबांसारखं कोणी आलं तर?"

बाईंनी थाळी झाकून ठेवली. मिस्त्रींनी लेकीचा हात धरला आणि म्हणाले, "पोरी, त्यांना काम करू दे. कच्चं औषध माझ्या पायावर ओतलं असतं, तर आज तू कोणाची खुर्ची ढकलली असतीस?" मुलगी रडू लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं. या वेळी ती निघून गेली नाही.

मित्रांनो, तिचा प्रश्न अजून तसाच आहे. मी फक्त ऊब देऊ शकते. पण तुम्ही पुष्कळ काही करू शकता. डॉक्टरांनी दिल्याशिवाय जंतूंवरच्या गोळ्या घेऊ नका. दिल्या तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, आणि उरल्यासुरल्या कोणाला देऊ नका. रुग्णालयात कोणाला भेटायला गेलात, तर आत जाताना आणि बाहेर पडताना हात धुवा. ही नवी औषधं यायची तेव्हा येतील. तोवर जुनी टिकवा, कारण उद्या कोणाच्या तरी खाटेपाशी तेवढीच असणार आहेत.