निळ्या खोलीतले सतरा

सकाळी आठलाच निळ्या खोलीपुढची रांग जिना उतरून मनोरुग्णालयाच्या फाटकाबाहेर गेलेली असायची. आया, बायका, भाऊ. प्रत्येकानं हाताला धरून आणलेलं एक आपलं माणूस. कोणाला भिंतीतून आवाज ऐकू येत, कोणाला शेजारी विष घालतोय असं वाटे. आजार एकच, स्किझोफ्रेनिया. आणि आशाही एकच, मोठ्या डॉक्टरांचा दिवा.

"मेंदूत अंधार साचतो! माझे खास किरण तो धुऊन काढतात," मोठे डॉक्टर पायरीवर उभे राहून सांगत. "तुम्ही फक्त तासभर बसा. बाकी दिवा बघून घेईल."

लोक डोळे पुसत. आणि दिव्यामागे आकडे उभे केले होते मी. मी मोठ्या डॉक्टरांचा सहायक डॉक्टर. बुवाबाजीची टर उडवणारा, ऊठसूट पुरावा मागणारा. दिव्याखाली बसलेल्या चोवीसपैकी सतरा सुधारले, दिवा न मिळालेल्या चोवीसपैकी फक्त तीन. तो तक्ता मीच दाराला चिकटवला.

एकदा दिव्याखाली बसणाऱ्या एका शिंप्याच्या बायकोनं मला तिथंच गाठलं. "डॉक्टर, सतरा म्हणजे बरेच की. मग आता यांच्या गोळ्या थांबवल्या तर चालेल ना?"

"मोठ्या डॉक्टरांना विचारा," म्हणून मी सटकलो. नुसतं 'नाही' म्हणायला किती वेळ लागला असता?

तिनं नवऱ्याच्या गोळ्या थांबवल्या. पाचव्या आठवड्यात शिंप्याला रुग्णवाहिकेतून आणलं. आवाज परतले होते, आणि ते बंद करायला त्यानं कामाची कात्री स्वतःच्या कानात खुपसली होती. तो कान कायमचा गेला.

त्याला मागच्या वॉर्डात ठेवलं. मी बघायला गेलो, तर तिथल्या मोठ्या सिस्टर ड्रेसिंग बदलत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यातले दिवा न मिळालेले चोवीस, ते माझेच पेशंट ना?"

"हो."

"हेच का निवडले?"

"हाताशी होते."

"हाताशी!" त्या वळल्या. "अहो, यांतले निम्मे वीस वीस वर्षं इथं पडून आहेत. भेटायला कुत्रं फिरकत नाही. तुमच्या निळ्या खोलीतल्यांचा आजार वर्षा-दोन वर्षांचा. घरचं माणूस गोळी देऊन, हात धरून आणतं. वर तुम्ही रोज तासभर गप्पा मारता. माझ्या माणसांशी कधी बोललात? एकाचं तरी नाव सांगा."

मी खाटेवरची पाटी वाचायला वळलो. आणि खरं तर ही खोट मला तक्ता करतानाच दिसली होती. पण सतरा आणि तीन इतके देखणे दिसत होते, की मी तिकडे काणाडोळा केला.

मी मोठ्या डॉक्टरांपुढे उभा राहिलो. ते भडकले. "माझ्यावर विश्वास नाही?"

"माझ्या तक्त्यावर नाही, सर."

शेवटी, दिवाच जिंकणार या खात्रीनं ते तयार झाले. आम्ही सारख्या वयाचे, सारख्याच जुन्या आजाराचे, घरचं माणूस सोबत असलेले चाळीस जण घेतले. सगळी कल्पना देऊन त्यांची संमती घेतली आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. गोळ्या सगळ्यांच्या चालू, गप्पा सगळ्यांशी सारख्या. एका खोलीत खास किरण, दुसरीत दुकानातला साधा निळा बल्ब. सुधारणा मोजणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कोण कुठल्या खोलीतलं याचा पत्ताच नव्हता.

किरणांखालचे वीसपैकी तेरा सुधारले. बल्बखालचे चौदा.

"आता बल्बचा सत्कार करा," सिस्टर म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

नवा तक्ता लावून मी शिंप्याच्या घरी गेलो. बायको मशीनवर बसली होती. आता शिवण तीच करते. मी म्हणालो, "तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर माहीत होतं."

तिनं मशीन थांबवलं. "मग सांगितलं का नाही?"

तेव्हा सांगितलं नाही. म्हणून निदान एवढं लिहून ठेवतो. कोणी म्हणालं, इतके बरे झाले, तर विचारा: कोणाच्या तुलनेत? ती माणसं आधी यांच्यासारखीच होती का? त्यांनाही तेवढंच औषध, तेवढीच सोबत मिळाली का? हे सांगता येत नसेल, तर तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही, मग सांगणारा बुवा असो की माझ्यासारखा पदवीवाला. आणि कोणाच्याही चमत्कारापायी चालू गोळी थांबवू नका.